एका दोऱ्यात दोन पानगे

नानाजी आसुटकर तपासणी विभागातून निवृत्त झाले, पण तपासणी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. भद्रावतीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांची हयात गेली. नगावर केसाएवढा चरा दिसला तरी ते तो बाजूला काढत आणि साहेबाने डोळे वटारले तरी परत आत घेत नसत. आता घरी तपासायला फारसं काही उरलं नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी दिव्यानी जंगलांचा अभ्यास करायला कोस्टा रिका नावाच्या देशात गेली होती. त्यामुळे नानाजी सकाळी दूध तपासत, दुपारी आकाश तपासत आणि मग अंगणातल्या आरामखुर्चीत डोळे मिटून आपली स्वप्नं तपासत. स्वप्नांच्या बाबतीत मात्र त्यांची शिस्त जरा सैल होती.

हा देश नेमका कुठे आहे, हे गल्लीत फक्त शेजारच्या मुखरूभाऊ ठेंगण्यांना माहीत होतं. मुखरूभाऊंनी जन्मभर एसटी चालवली होती. ज्याला सगळे रस्ते माहीत त्याला सगळे विषयही माहीत असतात, असा त्यांचा स्वतःबद्दलचा प्रामाणिक समज होता. दोन अमेरिका एकमेकींना जिथे धरून आहेत तिथे, मनगटापाशी, तो देश आहे, असं त्यांनी हाताला हात लावून दाखवलं. ते चुकून बरोबर होतं.

नोव्हेंबरात दिव्यानीचा फोन आला. तिला तिथे कायमची नोकरी देऊ केली होती आणि होय की नाही ते जानेवारीत कळवायचं होतं. त्याआधी ती नाताळात भद्रावतीला येणार होती, बाबांशी समोर बसून बोलणार होती. सोबत एलेनाबाई येणार होत्या. त्यांच्याच घरी दिव्यानी भाड्याने राहत होती. एलेनाबाईंचे यजमान त्या वर्षी वारले होते, मुलं दूरदेशी होती, आणि नाताळात त्यांना एकटं ठेवणं दिव्यानीच्या जिवावर आलं होतं. एवढं सगळं सांगून झाल्यावर ती सहज बोलून गेली, "बाबा, आमच्या घरी ना, दुपारची कॉफी चुकली तर दिवस चुकते."

आमच्या घरी. नानाजींनी फोन ठेवला. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

मग त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. दोष शोधायचा, दोष काढायचा, की माल पास. भद्रावतीत दोष काय? तर इथे कॉफी नाही, आणि तिकडचा नाताळ नाही. या दोन गोष्टी इथेच आणून ठेवल्या तर पोरीला परत जायला कारण काय उरतं? त्या दुपारी आरामखुर्चीत त्यांना कोस्टा रिकाचे डोंगर दिसले. दिव्यानीने फोनवर सांगितले होते तसेच, कॉफीच्या लाल फळांनी लगडलेले. शाळेला सुट्टी लागलेली मुलं कमरेला टोपल्या बांधून फळं तोडत होती. धुकं उतरत होतं आणि त्या धुक्यातून भद्रावती–चंद्रपूर बस हळूच वळण घेत होती. खिडकीत दिव्यानी बसली होती, दोन वेण्या घातलेली. बस थांबली नाही, पण ते आपल्या मनाला लावून न घेता नानाजी उठले आणि कामाला लागले.

पूर्वतयारीसाठी दिव्यानीने कॉफीच्या भाजलेल्या दाण्यांचं पार्सल पाठवलं होतं. ते टपाल कचेरीत अडकलं. पार्सलवर 'दाणे' असं लिहिलेलं होतं आणि परदेशी दाणे म्हणजे बियाणं, असं तिथल्या कारकुनाचं म्हणणं पडलं. बियाण्याला शेतकी खात्याची परवानगी लागते. शेतकी खात्यात सांगितलं, कॉफी हे आपल्या जिल्ह्याचं पीक नाही, झाडावर येत असेल तर वनखात्यात विचारा. वनखात्यातल्या सज्जन माणसाने मोहाफुलं, तेंदूपान, डिंक, हिरडा अशी सगळी उजळणी केली आणि यात कॉफी बसत नाही म्हणून खेद व्यक्त केला. शेवटी नानाजींनी कारकुनाला सांगितलं, की भाजलेला दाणा उगवत नाही, हवं तर पेरून पाहा. कारकुनाने खरोखरच एक दाणा कचेरीतल्या तुळशीच्या कुंडीत खोचला. नानाजी रोज सकाळी जाऊन त्या कुंडीसमोर उभे राहत. दाणा उगवला नाही. हयातीत पहिल्यांदाच एखादा नग नापास व्हावा म्हणून त्यांनी देवाची करुणा भाकली होती.

आता दाणे दळायचे होते. मुखरूभाऊंनी सल्ला दिला, की त्यात काय एवढं, कांडप मशीनवर टाका. मशीनवाल्याने नुकतीच कोणाची तरी लाल मिरची कांडून दिली होती. "फडकं मारून देतो," तो म्हणाला, आणि फडकं त्याने खरंच मारलं. घरी आल्यावर नानाजींनी पहिला घोट घेतला आणि अंगणात जाऊन तुळशीपासून फाटकापर्यंत फेऱ्या मारल्या. मुखरूभाऊंनीही घेतला. डोळे पुसत म्हणाले, परदेशी वस्तू कडकच असते. पुढचे काही दिवस गल्लीतल्या सगळ्यांच्या भाजीला तिखटासोबत एक विचारात पाडणारा वास येत राहिला. आणि मुखरूभाऊंच्या पत्नी भागीरथाबाई मशीनवाल्याशी बोलेनाशा झाल्या. नानाजींनी ती कॉफी एका डब्यात भरून फळीवर सगळ्यात मागे ठेवली. अन्न टाकून द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

तिकडे कॉफी लाकडी घोडीवर कापडी पिशवी टांगून गाळतात. सुताराने घोडी करून दिली ती इतकी भक्कम, की तिच्यावर पाण्याने भरलेला पितळी गुंड राहिला असता. पिशवी शिवणाऱ्याने आपलेपणाने तिला खिसा लावून दिला. राहिली केळीची पानं. नाताळाला तिथे घरोघर तमाल करतात. मक्याच्या उकडीत मांस, वाटाणे, गाजर भरायचं, केळीच्या पानात गुंडाळायचं आणि वाफवायचं. केळी होत्या राजुऱ्याला, नानाजींच्या मोठ्या बहिणीच्या, कमळाबाईंच्या परसात. तिथून नानाजी पानांची वळकटी घेऊन बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, हे सामान आहे. नानाजी म्हणाले, ही पानं आहेत. हा वाद चंद्रपूरच्या वरोरा नाक्यापर्यंत चालला. तोवर पानांवर एक आजोबा बसले होते आणि एक बोकड उभा होता. भद्रावतीला उतरले तेव्हा नानाजींच्या हातात केळीच्या नुसत्या झिरमिळ्या होत्या.

भागीरथाबाईंनी त्या झिरमिळ्यांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "तुमाले पानंच पायजे होते तं मले काऊन नाई इचारलं? पळस का मेला का?" असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानांचा भारा आणून टाकला. हिवाळ्यात शेतावर पानगे करायला त्या हीच पानं वापरत. कणकेचा गोळा पळसाच्या दोन पानांत दाबायचा, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचा, की झाला पानगा. त्याच्यासोबत वांग्याचं भरीत असलं की भागीरथाबाईंना स्वर्गाबद्दल कुतूहल उरत नसे.

दिव्यानी आणि एलेनाबाई आल्या तेव्हा तळ्यावरून धुकं गल्लीत आलं होतं. एलेनाबाई बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, पांढऱ्या वेणीच्या होत्या. नानाजींनी मनात त्यांची प्रतिपक्ष म्हणून नोंद केली होती. पण प्रतिपक्षाने आल्याआल्या ती कॉफीची घोडी पाहिली, हलवून पाहिली, तिच्यावर हाताचा भार देऊन पाहिला आणि मान डोलावली. तपासणी कशी करावी हे या बाईंना कळतं, हे नानाजींना कबूल करावं लागलं. मग त्यांनी पिशवीचा खिसा पाहिला. त्या बराच वेळ विचारात पडल्या, आणि शेवटी त्यात चमचा ठेवला.

चोवीस तारखेला दुपारपासून अंगणात तमालचा घाट सुरू झाला. डुकराच्या मांसाचा विषय निघाला आणि भागीरथाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून मिटला. गावरान कोंबडी ठरली, माळकऱ्यांसाठी बटाटा. एलेनाबाईंनी पळसाचं पान हुंगलं, गालाला लावलं आणि कामाला बसल्या. दिव्यानी सोडली तर भाषा कोणालाच कोणाची येत नव्हती, पण उकड किती घट्ट हवी यावर एलेनाबाई आणि भागीरथाबाई यांचं कडाक्याचं भांडण झालं आणि दोघींनाही ते पूर्ण कळलं. तयार पुडे एलेनाबाई दोन-दोन समोरासमोर ठेवून एकाच दोऱ्याने बांधत होत्या. गाठ मारताना दोरा सुटायचा. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि नानाजींना खुणेने बोलावलं. नानाजींनी गाठीवर बोट ठेवलं. मग ते पुडे संपेपर्यंत बोट ठेवतच राहिले, आणि प्रत्येक गाठ ओढून तपासत राहिले. एकही नापास झाली नाही.

संध्याकाळी दोरा संपला म्हणून दिव्यानी बाजारात गेली. गुंडातून वाफ येत होती. एलेनाबाईंनी सोबत आणलेली मूठभर कॉफी पिशवीतून थेंब थेंब उतरत होती, आणि धुकं, वाफ आणि तो वास यांनी अंगण ओळखू येईनासं झालं होतं. अशा वेळी एलेनाबाईंनी पहिली जोडी वाफेतून काढली, पदरासारख्या शालीने पुसली, दोन्ही हातांत धरली आणि नानाजींसमोर येऊन उभ्या राहिल्या. मान लववून हळू आवाजात काही तरी बोलल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. नानाजींनी निवृत्तीच्या दिवशी नारळ घेतला होता तशी ओंजळ पुढे केली.

एकाच दोऱ्यात बांधलेले दोन जीव, बाईच्या हातून पुरुषाच्या हातात, समोर गल्लीतली चार माणसं. भागीरथाबाईंनी आयुष्यात इतकी साक्षगंधं, इतके साखरपुडे पाहिले होते, की त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्या आत गेल्या, कुंकवाचा करंडा आणि मूठभर तांदूळ घेऊन आल्या, दोघांना कुंकू लावलं आणि डोक्यावर अक्षता टाकल्या. एलेनाबाईंना वाटलं, इथला नाताळ असा असतो. त्यांनी आनंदाने भागीरथाबाईंच्या डोक्यावरही तांदूळ टाकले. मुखरूभाऊंनी राजुऱ्याला फोन लावलासुद्धा. "कमळाबाई, नानाजीभाऊचं साक्षगंध होऊन राह्यलं इथी. तुमी काऊन नाई आल्या?"

नानाजींनी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. उघडलेलं तोंड त्यांनी तसंच ठेवलं. कारण त्या धुक्यात त्यांना एक ओसरी दिसली, ओसरीवर दोन खुर्च्या, समोर लाल फळांचा डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याशी भद्रावतीचं तळं. आणि स्वप्नातही त्यांच्यातला तपासनीस हिशेबाला चुकला नाही. एलेनाबाई इथेच राहिल्या, तर दिव्यानीला तिकडे जायचं कारणच उरत नाही. पोरगी घरात राहते. याहून निर्दोष योजना त्यांच्या डोळ्यांखालून आजवर गेली नव्हती. त्यांनी ओंजळीतली गरम जोडी छातीशी धरली आणि काही बोलले नाहीत. दिव्यानी दोरा घेऊन आली तेव्हा सगळे इतके गोड हसत होते, की तिला आपल्या नाताळाचं फार कौतुक झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने कमळाबाई उतरल्या. एका हातात पेढे, दुसऱ्या हातात साडी आणि चेहऱ्यावर या वयात हे काय, असा प्रश्न. फाटकापाशी त्यांना नवी भावजय भेटली. ती हातात परात घेऊन बाहेर पडत होती आणि परातीत दोऱ्यांनी बांधलेल्या जोड्या रचलेल्या होत्या.

एलेनाबाई पहिल्यांदा मुखरूभाऊंच्या दारात गेल्या. मान लववली आणि दोन्ही हातांनी जोडी दिली. मुखरूभाऊंनी ती दोन्ही हातांनी घेतली. मागे भागीरथाबाई उभ्या होत्या. त्यानंतर दूधवाल्याला एक जोडी मिळाली. मग शिवणाऱ्याला, मग सायकलवर चाललेल्या, काहीच संबंध नसलेल्या एका लाइनमनला. गल्लीच्या टोकापर्यंत कोणीही साक्षगंधाशिवाय राहिलं नाही. कमळाबाई पेढ्यांचा डबा घेऊन ओट्यावर बसल्या आणि त्यांनी एक पेढा स्वतःच खाल्ला.

दिव्यानीला सगळं कळलं तेव्हा ती हसून हसून पायरीवर बसली. नाताळात तिथे शेजाऱ्यांना तमाल वाटायचीच रीत आहे आणि बांधतात ते जोडीनेच, असं तिने सगळ्यांना समजावलं. सगळे हसले. भागीरथाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. दोन्ही हातानं घ्यायची काय गरज होती, एक हात मोडला होता का, हे त्या मुखरूभाऊंना दिवसभर विचारत राहिल्या. नानाजी आतल्या खोलीत गेले आणि कारखान्याच्या जुन्या दिनदर्शिका लावून ठेवायला लागले. आयुष्यात एकच नग त्यांनी न तपासता पास केला होता, आणि तोच साऱ्या गल्लीच्या देखत परत आला होता.

दुपारच्या कॉफीला दिव्यानीने त्यांना ओढून बाहेर आणलं. एलेनाबाईंनी फळीवरचा मागचा डबा हुडकून काढला होता, आपल्याच देशाची कॉफी पाहून त्यांना भरून आलं होतं. नानाजी थांबवणार तोवर कप भरले होते. तिघांनीही घोट घेतला. तिघांच्याही डोळ्यांतून धारा लागल्या. पहिला घोट इतका जालीम होता, की आता कोणाच्या डोळ्यांत पाणी कशाचं आहे, हे कोणालाच विचारायची सोय राहिली नाही. कदाचित म्हणूनच एलेनाबाई बोलल्या आणि दिव्यानीने नाक पुसत पुसत मराठीत सांगितलं.

"ती म्हणते, काल तुमाले जे बोलली ते हे होतं. तिचा नवरा दरवर्षी गाठीवर बोट ठेवे. यंदा तिनं ठरवलं होतं का तमाल करायचेच नाई. एकट्यानं गाठ बसत नाई म्हणून. तुमी बोट ठेवलं, म्हणून पयली जोडी तुमाले."

नानाजींनी आणखी एक घोट घेतला. मग एकदम बोलले. "मले वाटलं, ही बाई इथी राह्यली तं तू बी राह्यशील. म्हणून मी गप राह्यलो. मी काई येडा नाई, मले समजत होतं सगळं."

दिव्यानीने कप खाली ठेवला. "बाबा," ती म्हणाली, "तिथी गेली का मले तुमची चिंता लागते, इथी आली का तिची. तुमी जा म्हणाल तं जाईन. नाई म्हणाल तं नाई जाणार. पण मनातून सांगा."

"तपासून सांगतो," नानाजी म्हणाले आणि तो कप शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. असली कॉफी शेवटपर्यंत पिणारा माणूस एलेनाबाईंनी त्यांच्या देशातही पाहिला नव्हता.

नानाजी तपासत राहिले. तळ्यावर फिरायला गेल्यावर दिव्यानी झाडांची नावं एलेनाबाईंना सांगायची, तेव्हा तिचा चेहरा तपासला. पहाटे ती तिथल्या जंगलातल्या लोकांशी फोनवर बोलायची, तेव्हा तिचा आवाज तपासला. त्या आवाजात कुठे चरा सापडतो का ते त्यांनी फार कान देऊन पाहिलं. तो सापडावा अशी त्यांची इच्छा होती, हे ते स्वतःपासून लपवू शकले नाहीत. दुपारी आरामखुर्चीत बस पुन्हा धुक्यातून यायची आणि खिडकीतली दोन वेण्यांची मुलगी त्यांच्याकडे पाहून हात हलवायची. आता त्यांच्या लक्षात आलं, की ती रडत नसे, हसत असे.

जायच्या दिवशी पहाटे ते भागीरथाबाईंच्या चुलीपाशी जाऊन बसले. दोन पानगे भाजून घेतले. पळसाची पानं कडेने करपली होती, वास खमंग सुटला होता. नानाजींनी ते समोरासमोर ठेवले आणि दोरा गुंडाळला. गाठीवर बोट ठेवायला मुखरूभाऊंना उठवलं. भागीरथाबाईंनी त्यांना एकच हात वापरायची ताकीद दिली.

बसस्टँडवर नागपूरची बस लागली होती. दिव्यानी खिडकीत बसली, पण तिची नजर बाबांवरून हलत नव्हती. उत्तर अजून मिळालं नव्हतं. नानाजी बसमध्ये चढले. एलेनाबाईंसमोर उभे राहून त्यांनी मान लववली आणि दोन्ही हातांनी ती जोडी पुढे केली.

"एक तुमचा, एक इचा," ते म्हणाले. "आमच्या घरी जाईस्तोवर दोरा सोडू नका."

दिव्यानीने ते एलेनाबाईंना सांगायला तोंड उघडलं, पण तिला सांगता आलं नाही. तरी एलेनाबाईंना कळलं. त्यांनी जोडी घेतली आणि दुसऱ्या हाताने दिव्यानीचा हात धरला. कंडक्टरने घंटी मारली, नानाजी उतरायला वळले. मागच्या सीटवर हातात टोपली घेऊन बसलेली एक बाई हे सगळं मघापासून मन लावून पाहत होती.

"साक्षगंध होय का भाऊ?" तिने विचारलं.

नानाजींनी दाराच्या दांड्याला धरून मागे वळून पाहिलं.

"होय बाई," ते म्हणाले. "मी पोरीकडला."